स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगसाठी हाफ फेस मास्क : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या डिसेंबरात नागपूरला इतवारीतल्या लोहाओळीत पाइप आणायला गेलो होतो, तेव्हा जवळच्याच सेफ्टीच्या सामानाच्या दुकानातून रबरासारख्या मऊ पदार्थाचा, फक्त नाक-तोंड झाकणारा एक हाफ फेस मास्क आणि त्याला दोन्ही गालांकडून बसणारे, बारीक कण अडवणारे पी-१०० जातीचे गोल फिल्टर घेतले. मास्क १,४५० रुपयांना पडला आणि फिल्टरची जोडी ९५० रुपयांना. आर्वी तालुक्यात आमचे चार माणसांचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. घरांची आणि देवळांची स्टीलची रेलिंग, मंगल कार्यालयांचे ओटे, रसवंतीच्या गाड्यांची बॉडी, दूध संकलन केंद्रांच्या टाक्यांची दुरुस्ती अशी कामे आमच्याकडे येतात, म्हणजे वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस आमचा संबंध स्टेनलेस स्टीलशी असतो. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण याच घडणीचे मास्क तीन-चार कंपन्या करतात आणि निवड नावावरून न करता फिल्टरवर छापलेल्या वर्गावरून आणि आपल्या चेहऱ्याच्या मापावरून करायची असते.

मास्कपर्यंत पोहोचायला मला एकोणीस वर्षे लागली. इतकी वर्षे आम्ही तोंडाला दुपट्टा गुंडाळून वेल्डिंग केले, आणि संध्याकाळी दुपट्ट्यावर तोंडाच्या जागी काळा डाग दिसला की त्याने धूर अडवला असे समाधान मानले. प्रत्यक्षात तो डाग ग्राइंडिंगच्या जाड धुळीचा असतो. वेल्डिंगचा धूर म्हणजे वितळलेल्या धातूची वाफ हवेत थंड होऊन तयार झालेले कण, आणि त्यातले बहुतेक एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. कापडाच्या दोन धाग्यांमधली जागा त्यांच्यासाठी उघड्या फाटकासारखी असते, आणि नाकातले केस किंवा घशातला ओलावाही त्यांना अडवू शकत नाही. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. कामानंतर गुळाचा खडा खाल्ला किंवा रात्री दूध प्याले की धूर ‘धुऊन निघतो’ हा समज आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. मीही पोरांना गूळ वाटत आलो. गूळ पोटात जातो आणि धूर फुप्फुसात जातो, एवढी साधी गोष्ट मला इतकी वर्षे कोणी सांगितली नाही आणि मीही विचारली नाही.

स्टेनलेस स्टीलचा धूर साध्या लोखंडाच्या धुरापेक्षा वेगळा का मानायचा, हे कळल्याशिवाय अडीच हजार रुपयांचा हा खर्च कोणालाही पटणार नाही, म्हणून ते आधी लिहितो. लोखंडाला गंज चढू नये म्हणून त्यात क्रोमियम मिसळतात. किमान साडेदहा टक्के क्रोमियम असेल तरच त्याला स्टेनलेस म्हणतात. आपण भांड्यांना आणि दुधाच्या टाक्यांना वापरतो त्या ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ ते २० टक्के क्रोमियम आणि ८ ते १० टक्के निकेल असते. रेलिंगसाठी बाजारात सर्रास मिळणाऱ्या स्वस्त २०२ ग्रेडमध्ये निकेल कमी करून त्याजागी साडेसात ते दहा टक्के मँगनीज घातलेले असते. पत्र्यात किंवा पाइपमध्ये असताना हे क्रोमियम निरुपद्रवी असते, त्याच भांड्यात आपण जेवतो. पण वेल्डिंगच्या आर्कच्या, म्हणजे विजेच्या प्रखर झोताच्या, उष्णतेत त्याचा काही भाग सहा-संयुजी क्रोमियमच्या रूपात धुरात उतरतो, आणि ते रूप विषारी आहे. नाकाच्या मधल्या पडद्याला जखम होऊन पुढे भोक पडणे, दमा, कातडीवर भरून न येणारे व्रण आणि फुप्फुसाचा कर्करोग हे त्याचे माहीत असलेले परिणाम आहेत. निकेलमुळे कातडीची ॲलर्जी आणि दमा होतो, शिवाय त्याची संयुगेही कर्करोगकारक गणली जातात. मँगनीज वर्षानुवर्षे श्वासातून गेले तर मेंदूवर परिणाम होऊन हात थरथरणे, चाल बिघडणे असा कंपवातासारखा आजार होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला, मग तो कोणत्याही धातूचा असो, तंबाखूचा धूर ज्या गटात आहे त्याच, माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पहिल्या गटात टाकले.

किती धूर म्हणजे फार, हे मी एकदा आमच्या शेडवरून काढून पाहिले. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने आठ तासांच्या कामासाठी एका घनमीटर हवेत या विषारी क्रोमियमची मर्यादा ५ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. आमचे शेड वीस फूट रुंद, तीस फूट लांब आणि बारा फूट उंच आहे, म्हणजे त्यात सुमारे २०४ घनमीटर हवा मावते. गुणाकार केला तर सगळ्या शेडमध्ये मिळून एक मिलीग्रॅम क्रोमियम पसरले की ती मर्यादा गाठली जाते. एक मिलीग्रॅम म्हणजे बारीक मिठाचे बोटांवर मोजता येतील एवढे कण. वेल्डिंग करताना वितळणाऱ्या एका रॉडमधून, म्हणजे लेप दिलेल्या धातूच्या कांडीतून, निघणाऱ्या धुराचे एकूण वजन याच्या कितीतरी पट असते, आणि वेल्डरचे नाक शेडच्या मध्यभागी नसते, ते थेट धुराच्या लोटावर असते. हा हिशेब वहीत मांडल्यावर मी बराच वेळ पेन हातात धरून बसलो होतो.

माझे स्वतःचे निमित्त नाकाचे होते. दोन-तीन हिवाळ्यांपासून सकाळी नाकातून खपल्या निघत आणि कधी रक्त येत असे. मी त्याला थंडी समजत होतो. वर्ध्याच्या डॉक्टरांनी नाकात दिवा टाकून पाहिले, पडदा अजून शाबूत असल्याचे सांगितले आणि पहिला प्रश्न धंद्याचा विचारला. दुसरे निमित्त भाच्याचे. तो आयटीआय करून आमच्याकडेच कामाला लागला आहे. मागच्या वर्षी एका गोठ्याच्या कामात त्याने जस्ताचा मुलामा दिलेल्या जीआय पाइपवर दिवसभर वेल्डिंग केले. संध्याकाळी त्याच्या तोंडाला पैशाचे नाणे चघळल्यासारखी चव आली, आणि रात्री हुडहुडी भरून ताप आला. मलेरिया समजून रक्त तपासले तर काही निघाले नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो पूर्ण बरा होऊन चहा मागू लागला. जस्ताच्या धुराने येणारा हा ताप काही तासांनी चढतो आणि एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. सुटीनंतर पुन्हा काम सुरू केले की तो अधिक जोराने येतो. जस्त निदान त्याच रात्री इशारा देते. क्रोमियम तसा कोणताही इशारा देत नाही, आणि माझ्या दृष्टीने तोच सगळ्यात मोठा धोका आहे.

आता मास्कविषयी. पी-१०० हा वर्ग अडवायला सर्वांत कठीण, म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कणही ९९.९७ टक्के अडवतो. साधा एन-९५ मास्क ९५ टक्के अडवतो. आपल्याकडे मिळणारा एफएफपी-२ वर्गाचा मास्क ९४ टक्के आणि एफएफपी-३ वर्गाचा ९९ टक्के अडवतो. आकडे जवळजवळचे वाटतात, पण हजार कणांमागे एन-९५ मधून पन्नास आत जातात आणि पी-१०० मधून एकही जेमतेम जातो. अर्थात हे आकडे फिल्टरचे आहेत, मास्कचे नव्हेत. मास्कची कड चेहऱ्याला नीट चिकटली नाही तर हवा फिल्टरमधून न येता कडेच्या फटीतून येते, आणि मग सगळा खर्च वाया जातो. कड चिकटली आहे की नाही हे पाहायची पद्धत सोपी आहे. मास्क बांधून दोन्ही फिल्टर तळहातांनी झाकायचे आणि हलका श्वास आत ओढायचा. मास्क गालांवर चोखल्यासारखा ओढला जाऊन तसाच राहिला तर तो नीट बसला आहे. नाकाच्या बाजूने वारा लागला तर पट्टे पुन्हा ओढायचे. आम्ही हे रोज सकाळी वेल्डिंगचा पहिला टाका मारण्यापूर्वी करतो, आणि त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

इथेच पहिली अडचण आली, ती दाढीची. भाच्याचे लग्न ठरलेले होते आणि त्याने चांगली दाट दाढी राखली होती. मास्क घालून त्याने तळहात लावले की प्रत्येक वेळी दाढीतून फसफस हवा यायची. मी त्याला दाढी काढायला सांगितले तर म्हणाला, “लग्न होऊ द्या मामा, मंग काढतो. आतापासून काहून मागं लागले?” मी हट्ट केला नाही, पण लग्न होईपर्यंत त्याला स्टीलच्या रॉडच्या वेल्डिंगवर बसू दिले नाही, कटिंग आणि फिटिंगचे काम दिले. वैशाखात लग्न झाले आणि तिसऱ्या दिवशी तो तुळतुळीत गालांनी कामावर आला. दोन दिवसांची खुंटे असली तरी कड गळते, हे आम्ही दोघांनी वारंवार तपासून पाहिले आहे. ज्यांना दाढी ठेवायचीच आहे त्यांच्यासाठी पंख्याने गाळलेली हवा पुरवणारे हेल्मेट मिळते. मात्र त्याची किंमत आमच्यासारख्या वर्कशॉपच्या आवाक्याबाहेर आहे.

दुसरी अडचण हेल्मेटची होती. बाजूला निघालेल्या फिल्टरांमुळे आमच्या जुन्या हेल्मेटची हनुवटी त्यांच्यावर आदळत असे, आणि मान खाली घातली की मास्क वर सरकून कड सुटत असे. शेवटी आपोआप काळी होणारी काच असलेले, आतून रुंद असे नवे हेल्मेट घ्यावे लागले. ज्यांच्याकडे हातात धरायची काच आहे त्यांना ही अडचण येणार नाही. तिसरी अडचण ठिणग्यांची. फिल्टर बाहेरून नमद्यासारखे मऊ असतात, आणि ग्राइंडिंग करताना उडालेल्या एका ठिणगीने एका फिल्टरच्या कडेला मोहरीएवढे भोक पडले. भोक दिसताच तो फिल्टर फेकावा लागला, म्हणजे निम्मी जोडी फुकट गेली. टणक प्लॅस्टिकच्या डबीत बसवलेले फिल्टरही मिळतात. ते किंचित जड असतात, पण ग्राइंडर चालवणाऱ्याने तेच घ्यावेत असे माझे आता मत झाले आहे.

उन्हाळ्याबद्दल न लिहिता हे परीक्षण विदर्भात कोणी वाचणार नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि पत्र्याच्या शेडखाली दुपारी बारानंतर मास्क घालून बसणे खरोखरच कठीण झाले. आतून घामाच्या धारा लागतात, हनुवटीखाली पाणी साचते, आणि श्वास सोडण्याच्या झडपेत घामाचा क्षार बसून ती चिकटते. आमच्या एका कारागिराने चौथ्याच दिवशी मास्क काढून ठेवला आणि म्हणाला, “भाऊ, धुरानं मरायचं तवा मरन, यानं तर आताच जीव चालला.” त्याचे म्हणणे मी उडवून लावले नाही, कारण त्रास खरा होता. आम्ही कामाची वेळ बदलली. स्टीलचे सगळे वेल्डिंग पहाटे साडेपाच ते दहा या वेळेत घेतले आणि दुपार कटिंग, मोजमाप, सामान आणणे यांत घालवली. दर अर्ध्या तासाने बाहेर कडुनिंबाखाली जाऊन मास्क काढायचा, पाणी प्यायचे, तोंड पुसायचे आणि पुन्हा तळहात लावून तपासूनच आत यायचे, असा नियम ठेवला. त्यानंतर मात्र त्याने मास्क सोडला नाही. रोज संध्याकाळी फिल्टर काढून मास्क कोमट पाण्यात साबणाने धुतो आणि सावलीत वाळवतो. फिल्टर कधीही धुवायचे नाहीत आणि त्यांवर कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, कारण त्याने आतला थर फाटतो आणि अडकलेला धूर पुन्हा मोकळा होतो.

या मास्कने माझे मन खऱ्या अर्थाने वळवले ते फिल्टरच्या रंगाने. नवा फिल्टर जांभळट गुलाबी असतो, आमच्याकडच्या बाया रांगोळीत वापरतात तसा भडक. रॉडने स्टीलचे काम केले की आठवड्याभरात तो राखाडी होतो, आणि तीन आठवड्यांत मध्यभागी काळपट तपकिरी पडतो. आतली बाजू मात्र तशीच स्वच्छ राहते. मी एक जुना फिल्टर ब्लेडने उभा कापून घरी दाखवला. बाहेरचा थर काजळी पुसल्यासारखा होता आणि आतला थर कोऱ्या कापसासारखा. आईने तो हातात घेतला नाही, फक्त विचारले, “मंग एवढे दिवस हे कुठं जात होतं?” त्यानंतर घरात या खर्चाचा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

हा मास्क काय करत नाही, हे मी तितक्याच ठामपणे सांगेन. तो कण अडवतो, वायू अडवत नाही. आर्क जवळच्या हवेतल्या ऑक्सिजनपासून ओझोन तयार करतो, विशेषतः आर्गॉन वायूच्या आवरणाखाली करायच्या आर्गॉन वेल्डिंगमध्ये, आणि त्याने घसा खवखवतो, छाती आवळल्यासारखी वाटते. हा फिल्टर त्यावर उपयोगी नाही. टाका चकचकीत करण्यासाठी आपण जी पिकलिंग पेस्ट लावतो तिच्यात नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. तिच्या वाफेसाठी वायू शोषणारे वेगळे कार्ट्रिज लागते, आणि हातांसाठी जाड आम्लरोधक हातमोजे. हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत शिरून हाडापर्यंत पोहोचते, आणि अनेकदा सुरुवातीला दुखतही नाही. त्यावर लावायचे कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल आम्ही आता पेस्टच्या डब्याशेजारीच ठेवतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा मास्क ऑक्सिजन देत नाही. आर्गॉन हवेपेक्षा जड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. एका दूध संकलन केंद्राच्या टाकीत तळाला तडा गेला होता आणि आत उतरून आर्गॉन मारायचे होते. मास्क आहे म्हणून भाचा तसाच उतरायला निघाला. मी त्याला थांबवले, झाकणाच्या तोंडातून ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडली, त्याच्या कमरेला दोर बांधला आणि बाहेर एक माणूस फक्त त्याच्याकडे पाहत उभा ठेवला. दर दहा मिनिटांनी त्याला वर काढले. साठलेल्या आर्गॉनमध्ये माणूस धाप न लागता बेशुद्ध पडतो, आणि पी-१०० तिथे दुपट्ट्याइतकाच निरुपयोगी आहे.

म्हणून मास्क घेण्याबरोबरच आम्ही कामाची रीतही बदलली, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर निम्मा फायदा त्या बदलांचा आहे. रॉडच्या लेपात पोटॅशियम आणि सोडियम असते, त्यांच्याशी जोडी जमवून क्रोमियम विषारी रूपात अधिक प्रमाणात टिकते. त्यामुळे आमच्याकडच्या स्टीलच्या वेल्डिंग पद्धतींत रॉडचा धूर सर्वांत वाईट आणि आर्गॉनचा सर्वांत कमी. रेलिंगचे आणि पत्र्याचे पातळ काम आम्ही आता आर्गॉननेच करतो. आर्गॉन वेल्डिंगमध्ये आर्क पेटवायला टंगस्टनची कांडी लागते; लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये थोरियम हे किरणोत्सर्गी द्रव्य असते आणि घासून टोक काढताना त्याची धूळ उडते, म्हणून लॅन्थेनमचे निळ्या टोकाचे टंगस्टन घेतो. त्याच्या आर्कमध्ये मला काही उणे जाणवले नाही. काम टेबलावर उभे किंवा तिरपे लावतो, म्हणजे धुराचा लोट तोंडावरून न जाता बाजूने वर जातो. जुना एक्झॉस्ट पंखा आणि लवचीक नळी जोडून तिचे तोंड टाक्यापासून वीतभर अंतरावर ठेवतो. हात-दीड हात दूर नेले की ती नळी जवळजवळ काहीच ओढत नाही, हे अगरबत्तीच्या धुरावर कोणीही पाहू शकतो. समोरून पंखा लावायचा नाही, त्याने आर्गॉनचे आवरण उडून टाक्यात भोके पडतात.

खर्चाचे म्हणाल तर एका माणसामागे मास्क एकदाच, आणि फिल्टरची जोडी आमच्या कामाच्या प्रमाणात साधारण महिन्याला एक. श्वास ओढायला जड लागू लागला, भोक पडले किंवा फिल्टर भिजला की महिना न पाहता बदलतो. म्हणजे दिवसाला तीस-पस्तीस रुपये. तेवढे पैसे मी रेलिंगच्या दरात फुटामागे दोन रुपये वाढवून काढतो, आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाने त्यावरून काम परत नेलेले नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात क्रोमियमचे व्रण आणि मँगनीजची विषबाधा हे कळवणे बंधनकारक असलेले आजार म्हणून नोंदलेले होते, पण चार माणसांच्या वर्कशॉपला तो कायदा लागत नव्हता आणि तिथे तपासायला कोणी येत नसे. आमच्या तालुक्यातल्या रस्त्याकडेच्या प्रत्येक शेडमध्ये सतरा-अठरा वर्षांची पोरे उघड्या नाकाने स्टीलचा रॉड जाळत आहेत. मला ते पाहवत नाही, म्हणून इतके सविस्तर लिहिले.

घ्यायचा असेल तर दुकानात जाऊनच घ्यावा, कारण मास्क लहान, मध्यम आणि मोठा अशा तीन मापांत येतो. मला मध्यम बसला. भाच्याचा चेहरा निमुळता असल्याने त्याच मापात नाकाजवळ फट राहत होती, म्हणून त्याच्यासाठी लहान माप मागवले. माझ्या नाकातल्या खपल्या मार्चपासून थांबल्या आहेत. मास्कमुळे की आर्गॉनमुळे हे मी वेगळे काढू शकत नाही. शेडच्या दाराशी चार खिळे ठोकले आहेत, त्यांवर चार झाकणाचे डबे टांगले आहेत आणि प्रत्येकात एकेकाचा मास्क असतो. फिल्टर बदलला की त्याच्या पाठीवर मार्करने तारीख घालायचे काम भाच्याने आपणहून उचलले आहे. काल त्याने माझ्या फिल्टरवरची तारीख वाचून, मला न विचारताच, नवी जोडी काढून ठेवली होती.